हिरवं वावर आणि बाभळीची काटी

धुळे

धुळ्याच्या बसस्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत ऑफिसने टाइप करून दिलेले एकवीस प्रश्न होते, आणि त्यातला एकही मला कुणाला तोंडावर विचारता येईल असं वाटत नव्हतं. पुण्यात शेतकऱ्यांसाठी छोट्या पुस्तिका काढणाऱ्या एका संस्थेत मी नुकतीच लागले होते. चार-पाच एकरांचा शेतकरी जनावरं आणि पिकं एकमेकांच्या जिवावर कशी चालवतो, त्यात जमीन टिकते का आणि घर चालतं का, हे खानदेशात जाऊन बघून यायचं होतं. जाणार होते ते सहकारी काविळीने आजारी पडले, म्हणून मी निघाले. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एप्रिलचे शेवटचे दिवस होते.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठी बोलतो, पण त्या मराठीत गोठा नाही. कडबा, पेंड, चुणी हे शब्द कानावरून गेलेले होते, पण समोर ठेवले असते तर कुठला कशाला म्हणतात ते सांगता आलं नसतं.

धुळ्यापासून तासाभरावरच्या एका गावात ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्यांना सगळे नाना म्हणत. सत्तरीचे, उंच, तोंडात सतत काडी. ओसरीवर बसून मी कागद उघडला आणि पहिला प्रश्न जसाच्या तसा वाचला, "आपल्याकडील एकूण पशुधन किती?" नानांनी तोंडातली काडी काढली. मग आत बघून सुनेला म्हणाले, "बाईले आधी च्या दे. परीक्षा मांगून देऊत." मांगून म्हणजे मागाहून.

चहा झाल्यावर ते मला वावरात घेऊन गेले. वावर म्हणजे शेत. धनगराचा कळप तीन रात्री त्यांच्या वावरात बसून त्याच सकाळी उठला होता. काळ्या जमिनीवर लेंड्या मिरी पसरल्यासारख्या पडल्या होत्या आणि कळप बसला होता तिथली माती दबून गुळगुळीत झाली होती. धनगराला त्याबद्दल ज्वारी द्यायची, ही जुनी रीत. यंदा शेजारच्यानेही त्याच कळपाला बोलावलं होतं आणि दोघांत बोलाचाली झाली होती. शेणालेंड्यांसाठी माणसं भांडतात हे मला नवीन होतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत गुलाबांसाठी खताचं पोतं येतं तेव्हा आई खिडक्या लावून घेते. नाना म्हणाले, "मेंढरू बसेल वावर तीन साल उपकार विसरत नही. मानूस लगेच विसरस."

निघताना त्यांनीच सांगितलं, "यावलकडे जा. तठले केळीवाला ढोरं काढी टाकी राहिनात. एक अक्का शे, तिनी नही काढेल. पन लवकर जा. पोरगा तिना मांगे लागेल शे."

यावल

जळगावला बस बदलली. तापीच्या पुलापर्यंत दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली ढेकळांची जमीन होती. पलीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या आणि गरम वाऱ्यापासून त्यांना जपायला कडेने उभ्या केलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ताट्या. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता.

नानांचा निरोप पोचला होता, अक्का स्वतः फाट्यावर आल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावरचा पदर वाऱ्यात दाताखाली धरलेला. माझी बॅग त्यांनी उचलून डोक्यावर ठेवली आणि मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाल्या, "पुण्यात खायला देत नाहीत का वं?"

घर मळ्यातच होतं. पाच एकर जमीन, त्यातली दोन एकर केळी, बाकी कापूस, तूर, आणि एका तुकड्यात दादर, म्हणजे इकडची हिवाळी ज्वारी. गोठ्यात एक दुभती म्हैस, तिचीच अडीच वर्षांची वगार, म्हणजे अजून न व्यालेली पारडी, बैलजोडी आणि चार शेळ्या. अक्कांनी मला पहिल्या संध्याकाळी सगळं फिरून दाखवलं आणि माझे एकवीस प्रश्न न विचारता सुटत गेले. दादरचा कडबा जनावरांना. घड कापल्यावर केळीचा खांब उरतो, तो तुकडे करून कडब्यात थोडा थोडा मिसळायचा. जळगावच्या डाळमिलमधून तुरीची चुणी, म्हणजे डाळ करताना उरलेला चुरा, यायची. शेण गोबरगॅसच्या टाकीत, टाकीतून बाहेर पडणारा काला पाटाने पुन्हा केळीला. पऱ्हाट्या चुलीला आणि ताट्यांना. मी विचारलं, फक्त केळी लावली तर जास्त मिळत नाही का? हा माझा स्वतःचा प्रश्न होता, यादीतला नव्हता.

"मिळतं ना," अक्का म्हणाल्या. "केळी वर्षातून एकदा हसते. म्हैस रोज दोन वेळा हसते. आणि वाऱ्यानं केळी आडवी झाली त्या साली आम्ही म्हशीवर जगलो."

त्यांचा मुलगा प्रमोद मागेच उभा होता. सव्वीसेक वर्षांचा, बोलायला नम्र. "ताई, हेही लिहा," तो म्हणाला, "की मायच्या कमरेला पट्टा आहे. ह्या सगळ्या फेऱ्यात शेण उचलणारं माणूस लागतं, ते कुणी लिहीत नाही."

"नथू आहे ना," अक्का म्हणाल्या.

"आखाजीपर्यंत आहे. पुढचं कुणी सांगितलं?"

अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेल्या गड्याचं, साल संपतं. मालक ठेवतो किंवा नाही, गडी राहतो किंवा दुसरं घर धरतो. आखाजीला तीन दिवस होते. नथूभाऊ अकरा सालं इथे होते, आणि मायलेकात एवढं ठरलं होतं की ते राहिले तर जनावरं राहतील, ते गेले तर सावद्याचा व्यापारी गोठा रिकामा करून नेईल. हे सगळं माझ्या आणि नथूभाऊंच्या देखत बोललं गेलं. ते म्हशीच्या पाठीवरचे गोचीड काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसरा दिवस

पहाटे अंधारात अक्कांनी मला उठवलं आणि हातात टमरेल दिलं. घरात संडास नव्हता. शेजारच्या मळ्यांतल्या चार बायका बांधावर थांबल्या होत्या. सगळ्या मिळून नाल्याकडे जातात, थोड्या थोड्या अंतरावर बसतात आणि बोलतात. कुणाची सून, कुणाची सांजोरी तुपात फुटली, सगळं तिथेच. त्यांच्या दिवसातला बहुधा तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता. एकीने अंधारातून मला विचारलं, "पुन्याच्या ताई, झालं का?" आणि बाकीच्या हसल्या. वाईट हेतूने नाही. पण मला काही जमलं नाही. दिवसभर मी पाणी बेताने प्यायले आणि उन्हाने डोकं धरलं.

त्या दिवशी सकाळी नथूभाऊंनी मला जनावरांचं काम दाखवलं. ते धुळे जिल्ह्यातले, शिंदखेड्याकडचे. माणसांशी मोजकं बोलत, म्हशीशी सारखं. "सरक ना माय, तुना बापनी जागा शे का?" असं तिला म्हणत आणि ती सरकत असे.

केळीच्या बागेला लागून दादरचं वावर होतं. कापणी होऊन महिना-दीड महिना झालेला, नुसती खुंटं उभी. पण बागेला पाणी नेणारा पाइप सांध्याशी गळत होता, आणि तिथल्या खुंटांना वीतभर कोवळे कोंब फुटले होते. सगळ्या करड्या रानात तेवढाच एक हिरवा तुकडा. मला तो सुंदर वाटला आणि कापणीनंतर जनावरं इथे चरत असतील असं मी म्हणाले.

नथूभाऊ थांबले. "हाई हिरवं दिखस ना ताई, हाई जहर शे. किराळ म्हनतस येले. उन्हाळाना कोंब. ढोरनी तोंड लावं का अर्धा तासमां आडवं."

मी ते लिहून घेतलं. पीक आणि जनावर शेजारी शेजारी ठेवायचं तर दोघांच्या मध्ये कुणीतरी सतत उभं राहावं लागतं, असंही एक वाक्य लिहिलं आणि ते मला बरं वाटलं. त्या वावरात जायची एकच वाट होती, गोठ्यामागच्या कुंपणातली. तिच्यावर बाभळीची मोठी काटी लावलेली होती, वाळलेल्या फांद्यांचा एक भारा. नथूभाऊंनी ती हलवून बघितली आणि मग पुढे गेले.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी मी अक्कांच्या आधी उठले. बायका येण्याआधी एकटीने जाऊन यायचं असं रात्रीच ठरवलं होतं. नाल्याकडे गेले असते तर वाटेत कुणीतरी भेटलं असतं. गोठ्यामागे आडोसा होता. काटी बाजूला ओढली, दादरच्या वावराच्या कडेला गेले, परत आले. झुंजुमुंजू होत होतं. काटी ओढून जागेवर लावली. निदान मला तसं वाटलं. एका हातात टमरेल होतं, काटे टोचत होते आणि चुलीपाशी अक्कांच्या बांगड्या वाजत होत्या. मी घाईने आत गेले आणि झोपेतून उठल्यासारखी बाहेर आले.

चहा झाला. अंगणात शेजारणी बिबडे घालायला जमल्या. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ओल्या कापडावर थापून उन्हात टाकतात. मी खाटेवर वही घेऊन बसले होते. नथूभाऊंनी म्हैस आणि वगार हाळावर, गोठ्याजवळच्या दगडी कुंडावर, पाण्याला सोडल्या आणि ते गोबरगॅसच्या टाकीत शेण कालवायला गेले. हे रोजचंच होतं. पाणी पिऊन दोघी आपल्या आपण गोठ्यात येत असत.

त्या दिवशी आल्या नाहीत. नथूभाऊंनी हाक दिली, मग दुसरी दिली, आणि दुसऱ्या हाकेचा आवाज वेगळा होता. ते धावत गोठ्यामागे गेले. मी उठून उभी राहिले. मला कळलं होतं. काय झालंय ते बघायच्या आधीच कळलं होतं. मी त्यांच्या मागे गेले.

काटी एका अंगाला पडलेली होती. वगार हिरव्या तुकड्याच्या मधोमध, पाय फाकून, थरथरत उभी. तोंडातून फेस येत होता. म्हैस तिच्यापासून दहा हातांवर कोंब ओरबाडत होती. नथूभाऊंनी तिच्या नाकाडावर फटका मारून तिला मागे वळवलं आणि तेवढ्यात वगार गुडघ्यांवर आली.

"प्रमोद, डॉक्टर," अक्का म्हणाल्या. प्रमोद अनवाणीच मोटारसायकलवर बसला. जनावरांचा दवाखाना तीन मैलांवर होता.

"गूळ," नथूभाऊ म्हणाले. मी घरात धावले. ढेप फुटेना. वरवंट्याने फोडली, पाण्यात कालवली. नथूभाऊंनी म्हशीचं तोंड वर धरून बांबूच्या नळकांड्याने गुळाचं पाणी थोडं थोडं आत सोडलं. तिची छाती भात्यासारखी चालली होती. डोळ्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. अक्का वगारीपाशी बसल्या होत्या. तिने पाय झाडले, मान मागे टाकली, आणि मग तिच्या पोटाची हालचाल थांबली. अक्कांनी तिच्या डोळ्यावरून हात फिरवला आणि लगेच उठून म्हशीकडे आल्या. रडायला वेळ नव्हता.

म्हैस डगमगायला लागली. "बसू देवू नका," नथूभाऊ म्हणाले, आणि आम्ही तिघांनी तिला खांद्यांनी रेटून धरलं. माझा गाल तिच्या कुशीला लागला होता. आतून एक घरघर ऐकू येत होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. नथूभाऊ तिच्या कानाशी बोलत होते, "उभी ऱ्हाय माय, उभी ऱ्हाय, पानी पी, आते डाक्टर येस." बिबडे घालणाऱ्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या.

डॉक्टर आले, प्रमोदच्या मागे बसून, पेटी मांडीवर. मानेच्या शिरेत एक सुई, मग दुसरी. "वगार गेली," त्यांनी एका नजरेत सांगितलं. "हिनं कमी खाल्लंय. तासभर काढला तर जगली." मग कपाळ पुसत म्हणाले, "वाट कुणी उघडी ठेवली?"

 अक्कांनी नथूभाऊंकडे बघितलं.

"नथू, काटी तू लावली होती?"

"लायेल व्हती," ते म्हणाले.

"मग पडली कशी?" प्रमोद म्हणाला. "वारा नाही, काही नाही. आखाजी जवळ आली की हात ढिले होतात."

नथूभाऊ पडलेल्या काटीपाशी गेले. खाली वाकले आणि जमिनीकडे बघत थोडा वेळ तसेच राहिले. मला वाटलं, आता ते बोलतील. ते सरळ झाले आणि परत म्हशीजवळ येऊन उभे राहिले. मीही बोलले नाही. बोलायचं म्हणजे डॉक्टर, प्रमोद, त्या चार बायका, सगळ्यांसमोर मी पहाटे तिथे कशाला गेले होते ते सांगायचं.  मी रिकामं पातेलं उचललं आणि आणखी गूळ आणायला गेले. गूळ कुणी मागितला नव्हता.

तास गेला. म्हशीचा श्वास हळू झाला. ती बसली नाही. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी पुन्हा येतो.

दुपारी बांधाच्या कडेला खड्डा खणून वगारीला पुरलं. खणायला नथूभाऊच होते. माती लोटून झाल्यावर अक्का म्हणाल्या, "अकरा सालं तुले एक शब्द बोलले नाही. पण ही घरची वगार होती रे. आखाजीनंतर तू दुसरं घर बघ."

"बरं," नथूभाऊ म्हणाले, आणि फावडं धुवायला गेले.

प्रमोदच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तो फक्त म्हणाला, "मग व्यापाऱ्याला निरोप देतो," आणि अक्कांनी मान हलवली.

त्या दिवशी दुपारी साडेतीनची माझी परतीची बस होती. मी बॅग भरली. पुण्याला जाऊन पत्र लिहावं, पत्रात सगळं नीट मांडता येतं, असं मी स्वतःला सांगितलं. पत्र पोचेपर्यंत गोठा रिकामा झालेला असेल हेही मला माहीत होतं. बॅग घेऊन मी निरोपाच्या निमित्ताने गोठ्यामागे गेले. नथूभाऊ काटी पुन्हा बसवत होते.

"नथूभाऊ, मला सांगायचंय," मी म्हणाले.

"माले माहीत शे," ते मागे न बघता म्हणाले. "चप्पलना ठसा व्हता. तळाले चौकोनी जाळी. आठे तशी चप्पल कोनी नही."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

आता ते वळले. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होते. "काय बोलू? घरनी पाव्हनी, तरनी पोर, पहाटमां एकटी आठे कसाले उनी, हाई चार मानसंम्होरे मी बोलू? मना तोंडले शोभस का?"

"पण तुमचं घर गेलं."

"माले दुसरं घर भेटी." ते म्हशीकडे बघत होते. ती कडब्याला तोंड लावत नव्हती, पण कान हलत होते. "तुमनी बस जाई."

मी परत अंगणात आले. बॅग तुळशीपाशी ठेवली. उन्हं कलायला अजून वेळ होता आणि शेजारणी सकाळचे बिबडे उलटे करत होत्या. प्रमोद ओसरीवर होता. अक्का खांबाला टेकून, डोळे मिटून. मला वाटलं होतं आधी काही प्रस्तावना करावी. 

"काटी मी काढली होती," मी म्हणाले. आवाज फार बारीक आला म्हणून पुन्हा म्हटलं. "पहाटे बाहेर जायला मी एकटीच दादरच्या वावरात गेले. मला तुमच्याबरोबर बसायची लाज वाटत होती. परत येताना काटी नीट लागली नाही. नथूभाऊंनी लावलेली होती. त्यांना कळलंही होतं मी गेले ते. माझी लाज राखायला ते गप्प राहिले."

बिबडे उलटणारे हात थांबले. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. प्रमोद जमिनीकडे बघायला लागला, आणि माझे कान एवढे तापले की आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते.

अक्कांनी डोळे उघडले.  मग म्हणाल्या, "हे सकाळी सांगायचं होतं."

"हो."

"वगार वाचली नसती. पण माझ्या तोंडून त्याले ते शब्द गेले नसते." त्या उठल्या, कमरेला हात लावून. "आता ते परत कसे घेऊ, सांग. शिकलेली आहेस ना."

 म्हातारी पदराआडून म्हणाली, "अवं, काल अक्कानं हलवून उठवलेली बाई आज लाजेपायी इतक्या लवकर उठली कशी म्हणते मी." आणि एक-दोघी हसल्या. हसू चांगलं नव्हतं, वाईटही नव्हतं. अक्का हसल्या नाहीत. त्या गोठ्याकडे गेल्या.

मी ओसरीवरून बघत होते. अक्का नथूभाऊंपासून चार पावलांवर उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. नथूभाऊ ऐकत होते आणि म्हशीची पाठ चोळत होते. मग त्यांनी काहीतरी एक-दोन शब्दांत सांगितलं आणि अक्का परत आल्या.

"काय म्हणाला?" प्रमोदने विचारलं.

"आखाजीले सांगतो म्हणाला."

प्रमोदने व्यापाऱ्याचा निरोप थांबवला नाही आणि पाठवलाही नाही. साडेतीनची बस गेली. अक्का मला थांब म्हणाल्या नाहीत आणि जा असंही म्हणाल्या नाहीत. रात्री मला ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. ज्वारीत उडीद घालून दळलेली ती जाड भाकरी पहिल्या दिवशी मला आवडली होती. त्या रात्री ती घशाखाली पाण्याबरोबर उतरवली.

आखाजी

आखाजीच्या दिवशी इकडे माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधतात. शेजारच्या मळ्यातून गाण्यांचा आवाज येत होता. आमच्याकडे अक्का पहाटेपासून चुलीपुढे होत्या. पालथ्या खापरावर हातभर रुंदीच्या पुरणाच्या पोळ्या, पातेल्यात आमरस. मी आंबे पिळत होते. माझ्याशी त्या कामापुरतं बोलत होत्या.

त्या घरची रीत प्रमोदने मला सांगितली. जाणारा सालदार आखाजीला सकाळी जनावराचं दावं आणून मालकाच्या हातात देतो. मग जेवतो आणि जातो. राहणारा रोजच्यासारखा जनावरं पाण्याला नेतो आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. "मागची दहा वर्षं माय ह्या वेळी चुलीपुढून हलत नाही," प्रमोद म्हणाला. तो स्वतः दारात उभा होता आणि बाहेर न बघण्याचा प्रयत्न करत होता.

ऊन अंगणात आलं तेव्हा नथूभाऊ आले. अंघोळ केलेले, स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी. हातात म्हशीचं दावं होतं आणि मागे म्हैस. ते हाळाकडे वळले नाहीत. सरळ ओसरीकडे आले.

अक्का खापरावर पोळी तशीच टाकून उठल्या. पीठ लागलेले हात त्यांनी लुगड्याला पुसले आणि पायरीपर्यंत आल्या. प्रमोद सरळ उभा राहिला. नथूभाऊ पायरीशी थांबले. म्हैस अशक्त होती, मान खाली घालून चालत होती, पण चालत होती. नथूभाऊंनी अक्कांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"धरा ताई," ते म्हणाले आणि दावं माझ्या हातात दिलं. "काटी दखी येतो. मांगली बाजू ढिली शे."

मी दावं दोन्ही हातांनी धरलं. ते गोठ्यामागे गेले. म्हशीने एकदा मान झटकली आणि मी दोन पावलं पुढे ओढली गेले, पण सोडलं नाही. तिचं नाक ओलं होतं. तिला हाळावर जायचं होतं. अक्का पायरीवर उभ्या होत्या, त्यांनी हात पुढे केला नाही. आतून पोळी करपल्याचा वास आला तरी त्या हलल्या नाहीत. मागच्या बाजूने बाभळीच्या फांद्या घासल्याचा आणि दगड ठोकल्याचा आवाज येत राहिला.

नथूभाऊ परत आले, हाताला लागलेला काटा दाताने काढत. माझ्या हातातून दावं घेतलं, म्हशीला म्हणाले, "चल माय, पानी पी," आणि हाळाकडे वळले.

अक्का काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी करपलेली पोळी बाजूला काढली, आणि परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.